काळं पडणार नाही ना, ताई?

मध्यंतरी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. मुलीच्या लग्नात जवळच्या बायकांना द्यायला चांदीची कर्णफुलं हवीत, चाळीस जोड. नमुना ठरला, वजन ठरलं, मजुरीवरून थोडी घासाघीस झाली आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "काळं पडणार नाही ना, ताई? नाहीतर वरून ते रोडियम मारून द्या." रोडियम म्हणजे काळा न पडणारा एक महागडा धातू. चांदीवर त्याचा पातळ थर चढवतात, आम्ही त्याला पाणी चढवणं म्हणतो.

"कळवते," म्हणाले. चार दिवस झाले, अजून कळवलेलं नाही. म्हटलं, आधी इथे सगळं एकदा लिहून काढू, म्हणजे मलाच कळेल मी त्यांना काय सांगणार आहे ते.

गेली नऊ वर्षं मी हाताने चांदीचे दागिने घडवते. कोल्हापुरात, घराच्या मागच्या पडवीत. एक ऐरण, तीन हातोड्या, गॅसची टॉर्च, तार ओढायची जंत्री आणि एक बफिंगची मोटर, जिला सासूबाई "गिरणी" म्हणतात. शिकले ते गुजरीतल्या एका काकांकडे. गुजरी म्हणजे अंबाबाईच्या देवळाजवळची आमची सराफ गल्ली. काकांचा जन्म हुपरीचा, म्हणजे चांदीच्याच गावचा. पैंजणांचे घुंगरू झाळण्यात, म्हणजे तापवून जोडण्यात, त्यांचं बालपण गेलं. मला आधी तीन महिने त्यांनी फक्त झाळायला शिकवलं, बाकी कशाला हात लावू दिला नाही.

या नऊ वर्षांत "काळं पडणार नाही ना" हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल याचा हिशेब नाही. सुरुवातीला मी "चांगली चांदी काळी पडत नाही" असं ठोकून द्यायचे. ते खोटं होतं. चांगली चांदीही पडते.

चांदीचं हवेतल्या ऑक्सिजनशी काही वाकडं नाही. लोखंडासारखी ती गंजत नाही. तिचं वैर आहे ते गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य असतो, पण चांदीला तेवढा पुरतो. गटार, खाडीचा चिखल, कुजका पालापाचोळा, उकडलेलं अंडं, कांदा, लसूण, लोकरीचे कपडे, रबर, सगळीकडून थोडं थोडं गंधक येत राहतं आणि हवेत ओल असली की काम पटापट होतं. वर बसतो तो सिल्व्हर सल्फाइडचा थर. त्यात आमची चांदी ९२५ची, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं. तांबं नको म्हणावं तर शुद्ध चांदी इतकी मऊ की अंगठी महिनाभरात लंबगोल व्हायची. तांबं आहे म्हणून दागिना टिकतो आणि तांबं आहे म्हणूनच तो लवकर मळतो.

एका ठाण्याच्या गिऱ्हाईक बाई माझे झुमके घालून वज्रेश्वरीला गेल्या होत्या. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात उतरल्या आणि बाहेर आल्या तेव्हा झुमके कोळशासारखे. घाबरून तिथूनच फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "ही चांदी आहे ना नक्की?" मी म्हटलं, चांदी आहे म्हणूनच असं झालं, स्टील असतं तर चकाकत राहिलं असतं. त्यांना ते पटलं नाही. झुमके परत मागवून, साफ करून पाठवले तेव्हा पटलं.

दुसऱ्यांचं काय सांगते, मी स्वतः गेल्या वर्षी बारा बांगड्या अशा बिघडवल्या. प्रदर्शनाहून आले, दमलेली होते, चार-चारच्या गड्ड्या करून रबरबँड लावले आणि कपाटात टाकल्या. पंधरा दिवसांनी काढल्या तर प्रत्येक बांगडीवर रबर जिथे टेकला होता तिथे नेमका काळा पट्टा, पट्टीने आखल्यासारखा. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात. हे मला माहीत होतं. तरीही.

तर, रोडियम.

२०२२च्या दिवाळीआधी पुण्यात एक प्रदर्शन होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा रोडियम चढवलेला माल आरशासारखा लखलखत असायचा आणि माझा दुसऱ्या दिवसापासून किंचित चहा सांडल्यासारखा दिसायचा. मी त्या वेळी ठरवलं की आपणही एकदा करून बघू. तीस नग तयार केले. बारा अंगठ्या, आठ कडी, दहा जोड कानातले. ते घेऊन एका पॉलिशवाल्याकडे गेले. कुठल्या गावातला, कुठल्या गल्लीतला, ते राहू दे.

जायच्या आधी काकांना सांगितलं. ते फुंकणी बाजूला ठेवून म्हणाले, "पाणी चढीव की, माझी काय हरकत न्हाई. पर पुन्हा दुरुस्तीला आणलंस तर मी हात लावणार न्हाई, आत्ताच सांगतो." मला वाटलं, जुन्या माणसाचा हट्ट.

नग परत आले ते पाहून पहिल्यांदा हरखले. नंतर हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि मन खट्टू झालं. माझी कडी ठोक्यांची असतात. गोल तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे शेकडो ठोके, प्रत्येक ठोक्याची कड बोटाला लागते आणि दोन ठोक्यांमधल्या खाचेत मी मुद्दाम थोडा काळेपणा ठेवते. पाणी चढवण्याआधी पृष्ठभाग गुळगुळीत आणि स्वच्छ लागतो म्हणून त्या माणसाने सगळं बफवर धरलं होतं. ठोक्यांच्या कडा विरल्या. खाचांमधलं काळं धुऊन निघालं. कड्याला आता ठोके होते, पण पावसात भिजलेल्या पत्रावरच्या अक्षरांसारखे.

आणि रंग. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. चांदी डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाकी कुठल्याही धातूपेक्षा जास्त परत फेकते. रोडियम तिच्या बराच मागे आहे. म्हणजे चांदीवर रोडियम चढवलं की दागिना पांढरा होत नाही, उलट अंमळ काळसर होतो, स्टीलच्या ताटाकडे झुकणारा, गारठलेला रंग. एकटा बघितला तर कळत नाही. उघड्या चांदीच्या शेजारी ठेवला की लगेच कळतं. गंमत अशी की रोडियम हे नाव ग्रीक भाषेतल्या गुलाबावरून आलंय, कारण त्याचे क्षार गुलाबी असतात. १८०४ साली वोलास्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ते शोधलं. आज त्यातलं बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करायला जातं आणि उरलेल्यातलं थोडं आमच्या अंगठ्यांवर. महाग इतकं की २०२१मध्ये त्याचा भाव सोन्याच्या कितीतरी पट वर गेला होता. आता महाग वस्तू म्हटली की पॉलिशवाला ती किती जाड लावणार? थर असतो मायक्रॉनच्या एखाद-दोन दशांशाचा, फार तर अर्ध्या मायक्रॉनचा. डोक्याच्या केसाचे शंभर पापुद्रे काढले तर त्यातल्या एकाएवढाही नाही.

माल मात्र खपला. तीसातले सत्तावीस नग गेले. मी खूश.

फेब्रुवारीपासून फोटो यायला लागले. पहिला नाशिकहून. अंगठीची वरची बाजू नवीकोरी आणि तळहाताकडची बाजू पिवळट तपकिरी, मध्ये वेडीवाकडी सीमारेषा. रोज भांडी, रोज स्कूटीचं हँडल, रोज कणीक. पाच महिन्यांत थर झिजला होता आणि खालची चांदी आपल्या स्वभावावर गेली होती. नुसती चांदी सगळीकडून सारखी मळते, जुन्या भांड्यासारखी, त्यात एक शोभा असते. हे टक्कल पडल्यासारखं दिसत होतं.

एका मुलीचे कान खाजून लाल झाले. पॉलिशवाल्याला विचारलं, खाली निकेलचा थर देतोस का? तो म्हणाला, "मॅडम, निकेलशिवाय रोडियम धरत नाही." निकेल न घालता पॅलेडियम घालता येतं, पण ते महाग. हे त्याने मला आधी सांगितलं नाही आणि मीही आधी विचारलं नाही. दोघांत जास्त चूक माझी. मी त्या मुलीला "चांदीचे आहेत, कानाला काही होणार नाही" असं तोंडाने सांगून विकले होते.

पण खरा दणका दिला तो साताऱ्याच्या एका अंगठीने. बाईंना ती दोन नंबर मोठी करून हवी होती. रोजचं काम आहे. खालून कापायची, मध्ये तुकडा बसवायचा, टाकणखार लावून झाळायची, तुरटीच्या गरम पाण्यात उजळायची, घासायची. अर्धा तास. टॉर्च लावली आणि डोळ्यांदेखत अख्खी अंगठी धुरकट निळी-काळी झाली. तुरटीच्या पाण्यात टाकली, ढिम्म. लिंबूसत्वात टाकली, ढिम्म. रोडियम आम्लांना दाद देत नाही, म्हणून तर ते वापरतात. शेवटी कानशीने आणि सॅंडपेपरने सगळा थर खरवडून काढला, म्हणजे माझेच ठोके मी माझ्याच हाताने खरवडून काढले, आणि नंतर वाटलं, यापेक्षा नवी केली असती तर बरं. मग नवीच केली. जुनी आटवली.

काकांकडे गेले नाही. जायची सोय नव्हती.

त्याच वर्षी जूनमध्ये डोकं शांत झाल्यावर एक उद्योग केला. ९२५च्या पत्र्याच्या पाच सारख्या पट्ट्या कापल्या, भोकं पाडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दोऱ्याने टांगल्या. पहिली तशीच. दुसरी पाच-सहा वेळा तापवून आणि प्रत्येक वेळी लिंबूसत्वात उजळून. असं केलं की वरच्या कातडीतलं तांबं विरघळून जातं आणि वर जवळजवळ शुद्ध चांदीचा पापुद्रा राहतो, ही जुनी पद्धत. तिसरीला मेण, तेच जे वस्तुसंग्रहालयांत धातूच्या वस्तूंना लावतात. चौथीला पारदर्शक नेलपॉलिश, कारण यूट्यूबवर सगळे तेच सांगतात. पाचवीला रोडियम.

बेंदराला काही फरक नव्हता. नागपंचमीपर्यंत पहिली पट्टी पिवळसर झाली. गौरी-गणपतीत ती तांबूस होती आणि एका कडेला मोरपंखी निळी, इतकी सुंदर की काळी व्हायच्या आधी तिथेच थांबावी असं वाटलं. हा रंग थराच्या जाडीमुळे दिसतो, रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोल सांडल्यावर दिसतो तसा. थर वाढला की सगळं काळं. दुसरी पट्टी तिच्या महिनाभर मागे होती. मेणाची चांगली होती, फक्त सासूबाईंनी एकदा चिमटीत धरून "हे काय टांगलंयस?" विचारलं, तिथे बोटांचे दोन ठसे उमटून राहिले. नेलपॉलिश पिवळं पडलं, कडेला सुटलं आणि त्याखालून काळेपणा नकाशातल्या नदीसारखा आत शिरला. ते सगळ्यात ओंगळ.

रोडियमची पट्टी दिवाळीतही पहिल्या दिवसासारखी होती. हे कबूल करायलाच हवं. खिडकीत टांगायचा दागिना असेल तर रोडियमला तोड नाही.

म्हणून मी पाणी देण्याच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. सोन्याच्या पाण्याची ठुशी मी करते, तिथे पाणी हाच दागिन्याचा रंग आहे आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पाणी द्यावं लागेल हे घेणारीला ठाऊक असतं. यंत्रावरची बारीक साखळी, जिच्या कड्यांमध्ये ब्रशचा केसही शिरत नाही, ती मी रोडियमचीच विकत आणते. गुळगुळीत, बिनठोक्याची, सणासुदीलाच घालायची वस्तू असेल आणि गिऱ्हाईकाचा आग्रह असेल तर निकेल नसलेलं पाणी देणारा माणूस मी आता शोधून ठेवलाय. पण अंगठीला नाही. कड्याला नाही. ठोक्याच्या कुठल्याच वस्तूला नाही.

एक आतली गोष्टही सांगते. ९२५ तापवली की आतलं तांबं हवेशी बिनसतं आणि पृष्ठभागाखाली राखाडी-गुलाबी डाग बसतात. ते घालवायचे तर तासन्‌तास घासावं लागतं. वरून रोडियम चढवलं की डाग दिसतच नाहीत. मोठ्या कारखान्यांना पाणी का आवडतं, याचं एक कारण हेही आहे. माझ्याही त्या तीस नगांपैकी चार-पाच नगांचे डाग मी रोडियमच्या भरवशावर तसेच सोडले होते.

मी काय करते ते थोडक्यात. घडवून झालं की वर सांगितल्याप्रमाणे चार-पाच वेळा उजळून घेते आणि पितळी तारेच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासते. त्याने मऊ, दुधाळ झळाळी येते. खाचांत काळं हवं असेल तर गंधकाचं पाणी. बाजारात याला "ऑक्सिडाइज्ड" म्हणतात, खरं तर त्यात ऑक्साइड नसतंच, जे टाळायला सगळे धडपडतात तेच सल्फाइड आम्ही ब्रशने लावतो आणि त्याचे जास्त पैसे घेतो. त्या दिवशी घरात नासक्या अंड्यांचा वास सुटतो आणि सासूबाई देवळात जाऊन बसतात.

पुढचं घालणाऱ्याच्या हातात. माझ्या आईच्या पायातली जोडवी मी कधीच काळी पडलेली पाहिली नाहीत. पस्तीस वर्षं पायात आहेत, नक्षी गुळगुळीत झाली आहे, खालून पत्रा कागदाएवढा उरलाय, पण कायम पांढरी. जमिनीला घासून घासून रोज आपोआप उजळतात. तिचाच चांदीचा कमरपट्टा, जो वर्षातून एकदा निघतो, तो दरवेळी काळा. गिऱ्हाइकांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी त्यांनी रोज घालावं म्हणून गळ घालतेय.

काळं पडलंच तर चार-पाच रिठे पाण्यात उकळायचे, पाणी कोमट झालं की दागिना दहा मिनिटं बुडवायचा आणि मऊ ब्रशने घासायचा. टूथपेस्ट नको, राखुंडी नको, रांगोळी तर अजिबात नको, चरे पडतात. फारच काळं असेल तर वाटीत ॲल्युमिनियमची फॉइल अंथरून वर दागिना, चमचाभर खायचा सोडा आणि कढत पाणी. अंड्याचा वास आला म्हणजे काम सुरू झालं. यात चांदी झिजत नाही, गंधक तेवढं तिला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं. मात्र मोती किंवा फिरोजा असेल तर हा प्रयोग नको, आणि खाचांत मुद्दाम ठेवलेलं काळं असेल तर मुळीच नको. बाजारात चांदी साफ करायच्या डिपची बाटली मिळते, तिच्यात बुडवलं तरी तेच. एका बाईंनी माझं मोराचं पदक तसं बुडवलं. मी दोन दिवस बसून पिसाऱ्याची एकेक रेघ काळी केली होती. त्यांनी आनंदाने कळवलं, "बघा, मी एका मिनिटात स्वच्छ केलं!" मोर गेला होता, कोंबडी उरली होती.

तर एवढं लिहून झाल्यावर काल रात्री डोंबिवलीच्या बाईंना कळवलं. कर्णफुलं ठोक्याची आहेत, रोडियम मारलं तर ठोके पुसले जातील आणि कधी दांडी तुटली तर मला झाळून देता येणार नाही. त्यापेक्षा प्रत्येक जोडीबरोबर झिपची छोटी पिशवी, ओल शोषायला आत पांढऱ्या खडूचा तुकडा, दोन रिठे आणि काळं पडलं तर काय करायचं याची चिठ्ठी देते. रोडियमचे पैसे वाचतील ते वजनात घालू. कर्णफुलं जरा भरीव होतील.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर आलं ते आज सकाळी.

"चालेल. पण ताई, चिठ्ठीत काळं हा शब्द नको. लग्नाचं घर आहे."

चाळीस चिठ्ठ्या मी रात्रीच लिहून ठेवल्या होत्या.